बी, फांदी की कलम?

लिंबाचं झाड लावायचं ठरलं की तीन वाटा दिसतात. पिळलेल्या लिंबातली बी कुंडीत खुपसायची, कुणाच्या तरी झाडाची फांदी आणून लावायची, नाहीतर नर्सरीतून तयार कलम उचलायचं, म्हणजे एका झाडाच्या मुळांवर दुसऱ्या चांगल्या झाडाची काडी किंवा डोळा जोडलेलं रोप. तिन्हींतून झाड लिंबाचंच होतं, त्यामुळे काय घेतलं याने फारसं बिघडत नाही असं वाटतं. बिघडतं. फक्त ते कळायला काही वर्षं जातात.

पेराल तेच उगवतं, हे बागेत अर्धंच खरं आहे. सफरचंदाची बी पेरली तर सफरचंदच येईल, पण ज्या फळातून बी काढली ते सफरचंद नव्हे. फुलावर पराग दुसऱ्याच झाडाचा पडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवं पोर. आईवर जाईल की बापावर, की दोघांच्याही वाईट सवयी उचलेल, काही सांगता येत नाही. बहुतेक वेळा फळ सुमारच निघतं. क्वचित लॉटरी लागते. ग्रॅनी स्मिथ हे हिरवं सफरचंद १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मारिया ॲन स्मिथ यांच्या जागेत आपसूक उगवलेल्या रोपाचं. हास ॲव्होकॅडोची गंमत त्याहून मोठी. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास यांनी बियांपासून रोपं केली होती, ती त्यांवर दुसऱ्या जातीचं कलम बांधण्यासाठी. एका रोपावर कलम काही केल्या जगेना, म्हणून ते तसंच वाढू दिलं. त्याच रोपाचं पेटंट त्यांनी १९३५ मध्ये घेतलं. म्हणजे कलम फसलं म्हणून झाड सापडलं, आणि आज जगभरातली हासची झाडं त्याचीच कलमं आहेत.

लिंबूवर्गीय झाडं मात्र यात थोडी वेगळी. त्यांच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन कोंब येतात, आणि त्यांतले बहुतेक आईच्याच पेशींतून तयार झालेले, म्हणजे हुबेहूब आईसारखे असतात. आंब्याच्याही काही जातींत कोयीतून असे अनेक कोंब निघतात. एकच कोंब येणारी कोय असेल तर तो जुगारच समजा.

मग लिंबाची बी का लावू नये? वेळ. बियाचं झाड आधी बालपण काढतं. त्या काळात ते उंच होतं, लांबलचक काटे काढतं, आणि फुलाचं नाव घेत नाही. पाच-सहा वर्षं धरून चाला, कुंडीत त्याहूनही जास्त. कलमाची काडी वयात आलेल्या झाडावरून घेतलेली असते. तिचं बालपण आधीच संपलेलं. म्हणून कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दिसतं, कधी हातभर उंचीवरच. तेव्हा पहिला बहर खुडून टाका. जीवावर येतं, पण एवढ्याशा झाडाने फळं पोसली की त्याची वाढ खुंटते.

झेंडू, झिनिया, मिरची, टोमॅटो यांच्याबाबत विचार करत बसू नका, बीच पेरा. एका हंगामाचा कारभार. फक्त संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षासाठी राखू नका, पुढची पिढी तशी येत नाही. पामची झाडंही बहुतेक बियांचीच घ्यावी लागतात. त्यांच्या खोडात कलम जुळवणारा थर नसतो, आणि शेंडा छाटला तर झाडच जातं.

फांदी लावणं यात सगळ्यांत स्वस्त, आणि अधीर माणसाला सगळ्यांत अवघड. मोगरा, जास्वंद, कोलियस, मनीप्लांट ही फांदीचीच झाडं. जुन्या झाडाचा रंग, वास, खोड्या, सगळं जसंच्या तसं येतं; रोग आणि व्हायरससुद्धा. तीन-चार डोळ्यांची, म्हणजे पालवी फुटायच्या गाठींची, काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका आणि वरचा सरळ ठेवलात तर लावताना उलटसुलट होणार नाही. उलटी काडी सहसा लागत नाही.

घात इथे होतो: आठ-दहा दिवसांत डोळ्यातून पोपटी पालवी डोकावते आणि आपण खूश होतो. ती पालवी काडीतल्या साठ्यावर आलेली असते. खाली मूळ अजून एकही नसतं. मग कुंडी उन्हात जाते, आणि दोन दिवसांत पानं माना टाकतात. काडी अलगद ओढून बघा, धरून राहिली तर मूळ आलंय. त्याआधी तिला सावलीतून हलवू नका.

फांदीची फसगत बघायची असेल तर पिवळ्या कडेच्या सापपट्टीचं (स्नेक प्लांटचं) पान तोडून लावा. रोप येईल, पण साधं हिरवं. पिवळी कड गायब. तिथे कंद फोडूनच झाड वाढवायचं. अडेनियमचंही तसंच. तो हत्तीच्या पायासारखा फुगीर बुंधा बियाच्या झाडाला येतो, फांदीच्या झाडाला तसा भरत नाही. दुहेरी पाकळ्यांचा एखादा ठरावीक रंग हवा असेल तर मात्र कलमच.

आता कलम. मी स्वतः नर्सरीतून आणलेल्या गुलाबाने पहिल्या वर्षी अशी फुलं दिली की बघत राहावं. दुसऱ्या वर्षी झाड दणकून वाढलं, लांब सरळ धुमारे, पानंच पानं, फूल नाही. मी खत वाढवत गेलो. पुढे कळलं की वर भरलेला डोळा केव्हाच मेला होता आणि मी वर्षभर लाडाने पोसत होतो तो नुसता खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते खालचं झाड. कलम म्हणजे एका कुंडीतली दोन झाडं, आणि खालचं नेहमी वरच्यावर कुरघोडी करायला बघतं. दोन झाडं जिथे जोडलेली असतात त्या सांध्याच्या खालून येणारा प्रत्येक धुमारा बुंध्यापासून काढायचा. लिंबूवर्गीयांत कधीकधी त्याची ओळख सोपी असते: तीन-तीन पानांचा झुबका दिसला की तो त्रिपर्णी खुंटाचा.

घेताना सांधा बघा. तो मातीच्या वर, चांगला चार बोटं तरी असावा, आणि भरून आलेला. घरी आणल्यावर सांध्यावरची पट्टी खोडात रुतत नाही ना ते पाहा. रुतत असेल तर कापून काढा, नाहीतर खोड आवळलं जातं. खुंटाचा फायदाही मोठा असतो. १८६० च्या दशकापासून फ्रान्समधले द्राक्षमळे फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने संपत आले, ते वाचले अमेरिकी द्राक्षाच्या खुंटावर कलमं बांधून.

चौथीही एक वाट आहे, गुटी. झाडावरच्याच फांदीची बोटभर साल गोल काढायची, ओलं मॉस (नर्सरीत मिळणारं सुकं शेवाळ भिजवून) बांधून वर प्लॅस्टिक गुंडाळायचं. महिना-दोन महिन्यांत मुळं आतून दिसायला लागतात. मग ती फांदी कापून लावायची. डाळिंब, पेरू, लिंबू, तिघांनाही चालते. खुंटाची भानगड नाही, फळ लवकर. मात्र सोटमूळ नसतं, त्यामुळे वाऱ्याच्या जागी जमिनीत लावलंत तर आधाराची काठी हवी.

तेव्हा लिंबू. जमिनीत लावायचं असेल तर कलम. कुंडीत असेल आणि चांगलं झाड ओळखीत असेल, तर गुटी मागून आणा. बीही टाका एका छोट्या कुंडीत, फळाची आशा न ठेवता. रोप वीतभर झालं की पान चुरगळून बघा, बोटांना वास तोच येतो.