कन्ना चौकातला रविवारचा रॅपचा वर्ग: गाण्यामागचा माणूस कळतो

सोलापुरात कन्ना चौकाजवळच्या एका गल्लीत, शिकवणीच्या वर्गाच्या माडीवर, दर रविवारी संध्याकाळी पाच ते सात रॅपची गाणी ऐकवतात आणि त्यांच्यामागची हकीकत उलगडून सांगतात. फी 100 रुपये, कॉलेजच्या पोरांना 50. आठवडाभर तिथे दहावी-बारावीचं इंग्रजी घेणारे सरच हा वर्ग चालवतात. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, वय चाळिशीच्या पुढे. माझ्या वयाची दोघं-तिघं तिथे नेहमी असतात, त्यामुळे अवघडायला होत नाही.

अर्थ हवा असेल तर तो मोबाइलवरही मिळतो. जीनियससारख्या साइटवर ओळीओळीला टिपा असतात, मीही त्या वाचतो. सरांकडे जायचं ते दुसऱ्याच कारणासाठी. ते प्रत्येकाला एक कागद देतात. त्यावर तीन रकाने असतात: गाण्यातली ओळ, गाणाऱ्याचं म्हणणं आणि बाहेरचा पुरावा. तिसरा रकाना आपण भरायचा. पुरावा नाही सापडला तर तो कोरा ठेवायचा, तिथे ठोकून द्यायचं नाही. रॅपर स्वतःबद्दल जे बोलतो ते सगळं खरं धरून बसणाऱ्या पोरांना ही सवय लागणं मला फार मोलाचं वाटतं.

मी बसलो त्यातला सगळ्यात रंगलेला रविवार ‘रॅपर्स डिलाइट’चा. 1979चं गाणं, रॅपला घराघरात नेणारं. शुगरहिल गँगच्या तिघांपैकी बिग बँक हँक त्यात एका ठिकाणी एकेक अक्षर उच्चारत नाव सांगतो आणि ते निघतं ‘कॅसानोव्हा फ्लाय’. सरांनी तेवढाच तुकडा परत परत वाजवला आणि विचारलं, ‘‘याचं नाव हँक, मग हा कॅसानोव्हा कोण?’’ वर्ग गप्प. कॅसानोव्हा फ्लाय म्हणजे न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातला रॅपर ग्रँडमास्टर कॅझ. हँक त्याच्या ओळखीतला, न्यू जर्सीत पिझ्झाच्या दुकानात कामाला. तिथे तो कॅझची कडवी म्हणत होता, ती रेकॉर्ड कंपनीवाल्यांच्या कानावर पडली आणि त्याला रेकॉर्डिंगला बोलावलं गेलं. कॅझने आपली कडव्यांची वही त्याला दिली. हँकने त्यातलं कडवं नावासकट जसंच्या तसं म्हटलं. गाणं जगभर वाजलं, कॅझच्या पदरात काहीच पडलं नाही. मागच्या बाकावरून एका पोराने विचारलं, ‘‘मग सर, त्यानं केस नाही का ओ केली?’’ त्यावर पुढचा अर्धा तास गाण्याचा हक्क, लेखकाचं नाव, करार यांवर गेला. कुणी उठलं नाही.

त्याच दिवशी सर राम जोशींकडे वळले. शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचे. लावणी-पोवाड्यात शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतात, कारण रचना तोंडातोंडी फिरते आणि मालक हरवतो. कलगीवाले आणि तुरेवाले हे शाहिरांचे दोन पक्ष रात्र रात्र एकमेकांना सवाल टाकायचे, उत्तर नाही आलं तर फड हरला. ब्राँक्समध्ये माइक हातात घेऊन एकमेकांवर चढाई करणाऱ्या पोरांना हे सांगितलं असतं तर त्यांना लगेच पटलं असतं. शाहिरीचं नाव काढलं की झोपणारी ही पोरं त्या दिवशी वहीत राम जोशींचं नाव लिहून घेत होती. मला फार बरं वाटलं.

अमेरिकन रॅपर टुपाकच्या ‘डिअर मामा’ या गाण्याला तिसरा रकाना पटकन भरला. त्याची आई अफेनी शकूर काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची. न्यू यॉर्कच्या ‘पँथर 21’ खटल्यात ती आरोपी होती, स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि मे 1971मध्ये निर्दोष सुटली. टुपाकचा जन्म 16 जून 1971चा. म्हणजे आईची ही हकीकत कोर्टाच्या कागदात सापडते.

केंड्रिक लमारचं ‘डकवर्थ’ जड गेलं. 2017च्या ‘डॅम’ अल्बममधलं हे शेवटचं गाणं. याच अल्बमला 2018चं संगीताचं पुलित्झर मिळालं, शास्त्रीय आणि जाझच्या बाहेर पहिल्यांदाच. केंड्रिकचं आडनाव डकवर्थ. वडील केएफसीत कामाला. अँथनी टिफिथ नावाचा तरुण ते दुकान लुटायच्या बेतात होता. वडिलांना त्याची कीर्ती ठाऊक होती, म्हणून ते त्याला चिकन फुकट द्यायचे, वर दोन बिस्किटं जास्त. त्यामुळे टिफिथने वडिलांना हात लावला नाही. पुढे याच टिफिथने केंड्रिकला आपल्या कंपनीत घेतलं. त्या दिवशी गोळी सुटली असती तर काय झालं असतं, ते गाण्याच्या शेवटी येतं: टिफिथ जन्मठेपेत, केंड्रिक बापाविना वाढून बंदुकीच्या भांडणात संपलेला. मग गोळीचा आवाज, आणि अख्खा अल्बम सर्रकन उलटा फिरून पहिल्या ओळीशी येतो. सरांनी हा शेवट दिवे घालवून ऐकवला. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते तरी कुणी हललं नाही. माझा तिसरा रकाना अर्धाच भरला. केंड्रिकने ही गोष्ट ऐकलेली आहे, आणि ऐकलेल्या गोष्टीला घरात वळणं मिळतात. सरांनी ते मान्य केलं.

अरिवूच्या ‘एंजॉय एंजामी’चा रविवार मात्र आमच्या गल्लीचाच होता. 2021चं तमिळ गाणं, रॅपर अरिवू आणि गायिका धी यांचं. त्यात अरिवूच्या आजीच्या, वल्लिअम्मांच्या आठवणी आहेत. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली आणि नंतर भारतात परत पाठवलेली ती तमिळ माणसं. सोलापूरच्या पूर्व भागातही बरीच घरं तेलंगणातून मागाच्या कामासाठी आलेल्यांची. आमचंही त्यातलंच, घरात आजही तेलुगूच चालते. शेजारच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या, नातवाला घेऊन आलेल्या. गाणं संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘आमच्या सासूबाई विड्या वळता वळता असंच म्हणायच्या ओ, कुणी लिहून नाही घेतलं.’’ सर खुर्चीवरून उठून त्यांच्यापाशी आले आणि नातवाला म्हणाले, आजींना आठवतंय तेवढं या आठवड्यात मोबाइलमध्ये भरून घे. या एका गोष्टीसाठी मी या वर्गाला पूर्ण गुण देईन.

उणिवाही सांगतो. स्पीकर हलका आहे, पंखा सुरू असला की बास ऐकूच येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करण्याची सोय नाही. कागदावरचा टाइप इतका बारीक की चष्मेवाल्यांचे हाल होतात. शिव्या असलेल्या गाण्यांची आधी सूचना देतात, तरी सोळाच्या आतली मुलं नेऊ नका. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे बायका. मी बसलो त्यातल्या कुठल्याच रविवारी रॅपर बाईचं गाणं वाजलं नाही. चौदा वर्षांची रॉक्सॅन शांते 1984मध्ये न्यू यॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीतून एका गाण्याला सणसणीत उत्तर देते आणि त्यावर उत्तरांची रांगच लागते, ही तर सवाल-जवाबाचीच गोष्ट. फंकी फोर प्लस वन या गटातली शा-रॉक 1981मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात दिसली होती. वर्गात निम्म्या मुली असतात, त्यांना हे आधी ऐकायला मिळायला हवं. मी सरांना दोन्ही नावं लिहून दिली आहेत.

जिना अरुंद आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर सांभाळून. नावनोंदणी नाही, पण पाचला दार लागतं. गाडी चौकातच लावा, गल्लीत जागा नाही.