पेट्रोल जीपला इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर: एक पावसाळा काढल्यानंतर

महिंद्रा सीजे-३बीला, म्हणजे हरिकेन पेट्रोल इंजिनाच्या जुन्या जीपला, पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग; पॉइंट म्हणजे त्यातला उघडझाप करणारा स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक बसवावा का, हे मला जीपवाले मित्र वरचेवर विचारतात. माझ्या गाडीवर तो अख्खा पावसाळा आणि पाठोपाठची थंडी चालला आहे, त्यामुळे आता ठामपणे सांगतो. जुन्या डिस्ट्रिब्युटरचा बुश, म्हणजे त्याचा शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही, झिजला असेल तर डिस्ट्रिब्युटर बदला. बुश घट्ट असेल तर नवे पॉइंट-कंडेन्सर टाका, टायमिंग लाइट (ठिणगीसरशी लुकलुकणारा दिवा) धरून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावा आणि पैसे वाचवा. ‘इलेक्ट्रॉनिक टाकल्यापासून गाडी पळायला लागली’ असं जे लोक सांगतात, त्यातला मोठा वाटा नव्या शाफ्टचा आणि त्या निमित्ताने एकदाचं नीट लागलेल्या टायमिंगचा असतो.

बुश तपासायला दोन मिनिटं लागतात. कॅप (झाकण) आणि रोटर (त्याखाली फिरणारा तुकडा) काढून शाफ्ट चिमटीत धरून आडवा हलवायचा. माझा चांगलाच डुलत होता. शाफ्टच्या एका लोबवर (पॉइंट उघडणाऱ्या उंचवट्यावर) फीलर गेजने पॉइंटची ०.०२० इंच गॅप लावली की पुढच्या लोबवर ती वेगळीच भरायची. गॅप वाढली की त्या सिलिंडरचं टायमिंग पुढे सरकतं, कमी झाली की मागे पडतं. म्हणजे चार सिलिंडरना चार टायमिंग! आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) होणारं मिसिंग, म्हणजे इंजिनाचं अडखळणं, कार्बोरेटर कितीही खोलला तरी जाणार नव्हतं.

बसवण्याचं काम घरच्या घरी होतं. आधी एक नंबरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा ठेवायचा आणि दुसऱ्या कुणाला पुढून हँडलने इंजिन सावकाश फिरवायला सांगायचं. हवा अंगठ्याला ढकलू लागली की समजायचं, कॉम्प्रेशन आलं. मग क्रँक पुलीची खाच टायमिंग कव्हरवरच्या ५ अंशाच्या खुणेसमोर आणून थांबायचं. अंगठ्याची ही पायरी गाळू नका, कारण खाच दर फेरीला खुणेसमोर येते, पण एक नंबरची ठिणगी दोन फेऱ्यांतून एकदाच हवी असते. या क्षणी रोटरचं तोंड कुठे आहे, त्याची खडूने खूण करायची आणि मगच जुना डिस्ट्रिब्युटर उचलायचा.

या इंजिनात डिस्ट्रिब्युटर उजव्या अंगाला असतो आणि त्याला फिरवतो डाव्या अंगाच्या ऑइल पंपाचा शाफ्ट. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टच्या टोकाची जीभ मुद्दाम मध्यापासून थोडी बाजूला केलेली असते, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर एकाच बाजूने आत बसतो. जोर लावून ठोकू नका, रोटर बोटाने हळूहळू फिरवा, पंपाच्या शाफ्टची खाच सापडली की तो आपोआप खाली उतरतो. रोटरचं तोंड भलतीकडेच आलं, तर बहुधा पूर्वी कधीतरी ऑइल पंप काढून एखादा दात चुकवून बसवलेला असतो. मग दोष डिस्ट्रिब्युटरला देऊ नका, पंप नीट बसवून घ्या. वायरी १-३-४-२ या क्रमाने, घड्याळाच्या उलट्या दिशेने, कारण रोटर तसाच फिरतो. टायमिंग पुढे घ्यायचं तर बॉडी रोटरच्या उलट, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवायची. बॉडी एक अंश हलली की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो, तेव्हा हात हलका ठेवा.

पॉइंटवाल्याला साध्या बारा व्होल्टच्या बल्बवर टायमिंग लावता येतं: पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. इलेक्ट्रॉनिकला मात्र टायमिंग लाइट हवाच. ‘‘लाइट कशाला दादा, कानानं लावतो की,’’ असं आमचे मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी लावलंही. आयडल इतकं गोड की ऐकत राहावं. लाइट धरला तर खाच ५ अंशाच्या कितीतरी पुढे. टायमिंग पुढे गेलं की आयडल चढतं आणि कानाला तेच बरं वाटतं. पुढे घाटात नॉकिंग (इंजिनातली कटकट) सुरू होतं ते वेगळंच. आता ते स्वतःच माझ्याकडून लाइट मागून नेतात.

लाइटमुळे आणखी एक गोष्ट सापडली. पुलीच्या खाचेत पांढरा रंग भरला होता, तरी ती एका जागी ठरेना, आयडलवरच पुढेमागे तरंगत होती. नव्या डिस्ट्रिब्युटरमधल्या, वेग वाढेल तसं टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगा इतक्या लेच्यापेच्या, की हा अ‍ॅडव्हान्स आयडललाच सुरू होत होता. अशा वेळी आयडलला ५ अंश लावून उपयोग नाही, कारण त्यात अ‍ॅडव्हान्सही मिसळलेला असतो. विक्रेत्याने हात वर केले. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगा मापाला जुळल्या, त्या बसवल्या, आयडल सहाशेच्या आसपास उतरवलं आणि खाच खुणेसमोर खिळल्यासारखी थांबली. नवा पीस घेताना ही तपासणी आधी करा.

यानंतरची परीक्षा रस्त्यावर. टॉप गिअरला, तीसच्या आत वेग, समोर हलका चढ आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. कटकट ऐकू आली तर टायमिंग किंचित मागे घ्यायचं. पण घाबरून फार मागेही नको, त्याने इंजिन आळशी होतं आणि तापतं.

गाडी राधानगरीकडून फोंडा घाटाने कोकणात आणि आंबोलीने परत, अशी बरेचदा फिरली. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, चढाला सेकंडवर न कण्हता जाते, प्लग तांबूस निघतात. पेट्रोलमध्ये फरक पडला, पण सांगत सुटावं इतका नाही. आंबोलीच्या पहिल्या मोठ्या पावसात मिसिंग आलं, तेव्हा सगळ्यांनी नव्या डिस्ट्रिब्युटरकडे बोट दाखवलं. रात्री दिवे बंद करून बॉनेट उघडलं तर प्लगला वीज नेणाऱ्या जुन्या एचटी (हाय टेन्शन) वायरींवरून निळ्या ठिणग्या सरपटत होत्या. वायरी बदलल्या आणि तो विषय संपला.

दोन गोष्टी सांभाळा. मॉड्यूलला (पॉइंटची जागा घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला) अर्थिंग नीट मिळायला हवं, इंजिनाला रंग दिला असेल तर क्लॅम्पखालचा खरवडून काढा. आणि इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवू नका, कॉइल तापते, मॉड्यूलही जाऊ शकतं. खरी अडचण तीच आहे: पॉइंट खराब होताना आधी कुरकुरतात, रस्त्याकडेला पॉलिश पेपर मारून घरापर्यंत आणतात. मॉड्यूल गेलं की गाडी जागेवर उभी. म्हणून जुना डिस्ट्रिब्युटर मी भंगारात दिला नाही. जुन्या पद्धतीचं काम जाणणाऱ्या लेथवाल्याकडून त्याला ब्राँझचा नवा बुश करून घेतला, आयडलला चालतील अशा स्प्रिंगा मिळवून बसवल्या आणि गॅप लावून तो टूलबॉक्समध्ये ठेवलाय. असा लेथवाला तुमच्या गावात असेल, तर मी म्हणेन आधी त्याच्याकडे जा.