बॅटरीवरचा व्हॉल्व्ह बफर: आठेक महिने वापरल्यावर

ईसीसी८२ या व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी), पूर्णपणे बॅटरीवर चालणारा बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढच्या केबलला दम देणारा डबा, बांधून आता आठेक महिने झाले. ‘व्हॉल्व्हचा गोडवा’ मिळेल या आशेने कोणी हा उद्योग करणार असेल तर आधीच सांगतो, तो गोडवा यात जवळजवळ नाही. तरी हा डबा माझ्याकडून हलणार नाही. त्याची कारणं वेगळी आहेत.

गरज अशी होती. आमच्या हॉलमध्ये ऐकायची खुर्ची एका भिंतीला आणि ॲम्प समोरच्या भिंतीला, स्पीकरांच्या मधे. व्हॉल्यूम हाताशी हवा म्हणून डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) आणि १०० किलोओहमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर) खुर्चीजवळ, आणि तिथून ॲम्पपर्यंत पाच मीटर शिल्डेड केबल. पॉटवर सिग्नल निम्मा होतो त्या जागी त्याचा आउटपुट इम्पीडन्स (पुढे सिग्नल देताना आडवा येणारा त्याचा स्वतःचा अडथळा) सर्वात जास्त, २५ किलोओहम. केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरा, म्हणजे एकूण ५००. या दोघांचा मिळून आपसूक एक फिल्टर तयार होतो आणि १३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज ३ डीबी पडतो. तंबोऱ्याच्या जवारीतली वरची चमक गेलीच समजा. त्याहून वैतागाची गोष्ट म्हणजे पॉट जसा फिरवू तसा टोनही बदलत राहतो.

यावर सरळ उपाय असा. पॉटच्या लगेच पुढे असं काहीतरी बसवायचं, जे स्वतः सिग्नल न वाढवता केबलला दम देईल. हे काम टीएल०७२ सारखी चिल्लर किमतीची ऑप-अँप आयसी दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर उत्तम करते, व्हॉल्व्हपेक्षा चांगलं करते. मग व्हॉल्व्ह कशाला? हौस. याला दुसरं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्यावर माझा फारसा विश्वासही नाही.

सर्किट साधा कॅथोड फॉलोअर, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडवरून घ्यायचा. ईसीसी८२ म्हणजेच १२एयू७, एका काचेत दोन ट्रायोड (करंट सोडणारा कॅथोड, तो आवरणारी ग्रिड आणि गोळा करणारी प्लेट असे तीन भाग), त्यामुळे एकाच व्हॉल्व्हमध्ये डावा-उजवा दोन्ही चॅनल भागतात. पिन ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट दिले की हीटर (कॅथोड तापवणारी तार) फक्त १५० मिलिअँपिअर खातो. याच कारणासाठी हा व्हॉल्व्ह निवडला. ईसीसी८८ कागदावर सरस आहे, पण त्याचा हीटर ६.३ व्होल्टला ३६५ मिलिअँपिअर ओढतो, आणि ते बॅटरीवर परवडत नाही. हीटरला यूपीएसमध्ये असते तीच १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी. प्लेटला ९ व्होल्टच्या नऊ अल्कलाइन बॅटऱ्या एकापुढे एक, म्हणजे नव्या असताना ८१ व्होल्ट. खेडोपाडी वीज पोचली नव्हती तेव्हा ९० व्होल्टचा ड्राय पॅक लावून रेडिओ चालायचे, त्यातलाच हा प्रकार. फक्त त्यांचे व्हॉल्व्ह १.४ व्होल्टच्या फिलामेंटचे होते, आपल्याला तेवढी काटकसर जमत नाही.

दोन सारखे रेझिस्टर लावून ग्रिड निम्म्या व्होल्टेजवर टांगली आहे, कॅथोडला ३३ किलोओहम. कॅथोड ४० व्होल्टच्या जरा वर बसतो आणि प्रत्येक ट्रायोडमधून सव्वा मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो. यातली मजा अशी की बॅटऱ्या उतरत गेल्या तरी बायसही, म्हणजे ग्रिडचं ठरवलेलं व्होल्टेज, त्यांच्याबरोबर खाली सरकतो. ६५ व्होल्टवरही बफर बिनतक्रार चालतो. आउटपुट इम्पीडन्स साधारण एक किलोओहम येतो. म्हणजे मघाचा १३ किलोहर्ट्झचा अडथळा थेट तीनशे किलोहर्ट्झच्या पुढे गेला.

बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरही हे चालवून पाहिलं. चालतं. पण इतक्या कमी व्होल्टेजला ग्रिड आणि कॅथोड जवळपास सारख्याच पातळीवर येतात, ग्रिड स्वतःच थोडा करंट ओढायला लागते आणि मोठ्या पॉटवर जोरकस जागांना आवाज खरबरीत होतो. ज्यांना ८१ व्होल्टची भीती वाटते त्यांनी १० किलोओहमचा पॉट लावून तो मार्ग धरावा. भीती वाटणं काही गैर नाही. ओल्या हाताने हात लावलात तर ८१ व्होल्ट डीसी चांगलाच चावा घेतो, आणि फिल्टर कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही भरलेला राहतो. त्यावर ४७० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा डाग मारून ठेवा.

व्हॉल्व्हच्या खरेदीबद्दल थोडं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं फिरलं की सॉकेट, पॉट, फिल्म कपॅसिटर हे सगळं मिळतं. व्हॉल्व्हला मात्र जुने रेडिओ दुरुस्त करणारे गाठावे लागतात. त्यांच्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईसीसी८३ दिसेल, आणि ‘अहो, एकच आहे, घ्या’ असंही ऐकायला मिळेल. घेऊ नका. पिना त्याच, सॉकेटमध्ये बसतो, पेटतो, पण त्याचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा) १०० चा. एवढ्याशा व्होल्टेजवर तो धड वाहत नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याने तर मला ईसीसी८२ म्हणून पाठवलेल्या व्हॉल्व्हवरची अक्षरं अंगठ्याने पुसली गेली, खाली दुसराच नंबर. पैसे परत मिळायला बरीच हुज्जत घालावी लागली. ईसीसी८२ चाच अमेरिकन भाऊबंद ५८१४ए दिसला तर बिनधास्त घ्या, तो हीटरला १७५ मिलिअँपिअर घेतो एवढाच फरक.

आता रोजचा अनुभव. सर्वात आधी जाणवते ती शांतता. हीटर डीसीवर, रेक्टिफायर नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. त्यामुळे व्हॉल्व्हच्या सामानात हमखास असणारी ५० आणि १०० हर्ट्झची घुरघुर निर्माणच होत नाही. कुमार गंधर्वांची मैफल लावून आवाज वाढवा, ते दोन आवर्तनांच्या मधे थांबले की मागे फक्त तंबोरे उरतात. टेपची सुसू येते, ती मूळ ध्वनिमुद्रणातली. माझ्या डब्याची नाही.

पण बॅटरी लावली की घुरघुर गेलीच, असं समजू नका. लॅपटॉप चार्जरला लावून डॅकमधून गाणी वाजवली की ॲम्पमधून बारीक गुणगुण येतेच. कारण सिग्नलचा ग्राउंड डॅक, बफर, ॲम्प असा सलग जोडलेला आहे, आणि दोन्ही टोकं भिंतीतल्या अर्थिंगला पोचतात. मधला डबा बॅटरीवर आहे की मेन्सवर, याच्याशी त्या लूपला देणंघेणं नाही. चार्जर काढला की गुणगुण बंद. डॅकला ऑप्टिकल केबल जोडली आणि तो विषय मिटला. बॅटरीच्या नावाने जादू सांगणाऱ्यांना हे एवढं विचारून पाहा.

आवाजाचं म्हणाल तर वरचा पट्टा मोकळा झाला, तो कपॅसिटन्सच्या हिशेबाने होणारच होता. पॉट कुठेही असो, टोन तोच राहतो. ‘उबदार’ वगैरे काही झालेलं नाही. कॅथोड फॉलोअरमध्ये संपूर्ण आउटपुट उलट फीडबॅक म्हणून वापरला जातो, व्हॉल्व्हला स्वतःचा रंग चढवायला वावच उरत नाही. आवाज किंचित कमी होतो, अर्ध्या डीबीच्या आसपास, तो कानाला कळत नाही. कुणाला रंगच हवा असेल तर त्याने गेन देणारी स्टेज बांधावी, बफर नव्हे.

कटकटीही आहेत. ७ एएच भागिले १५० मिलिअँपिअर केले तर सुमारे ४७ तास येतात, पण लेड-ॲसिड बॅटरी तळापर्यंत उतरवली की सल्फेट धरते आणि लवकर मरते. मी १२.२ व्होल्टला थांबतो, म्हणजे हातात वीस-बावीस तास. रोज दोन तास ऐकणाऱ्याला आठवडा-दीड आठवड्याने चार्जिंग आलं. स्विच दोन बाजूंचा ठेवला आहे: एकीकडे ऐकणं, दुसरीकडे चार्जिंग. दोन्ही एकत्र होऊच शकत नाही. बॅटरी पाहायला लाल आकड्यांचा छोटा व्होल्टमीटर लावला होता, तो स्वतःच करंट खातो आणि स्पीकरमध्ये बारीक किरकिर सोडतो. आता तो पुश बटणावर आहे, दाबलं तरच पेटतो. पुढच्या वेळी बॅटरी बदलायची झाली तर लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल घेईन. १२.८ व्होल्टला बराच वेळ टिकून राहतात आणि खोल उतरवले तरी फार कुरकुर करत नाहीत. मात्र त्या सेलना योग्य बीएमएस (त्यांच्यावर लक्ष ठेवणारं संरक्षक सर्किट) आणि त्यांचाच चार्जर हवा, चार्जिंग नुकतं संपलेलं असताना १४.६ व्होल्ट थेट हीटरला देऊ नयेत. नऊ बॅटऱ्यांचा संच कागदावर दोनशे तास जातो. अजून पहिलाच संच सुरू आहे, पण तो संपला की दर वेळी नऊ नग विकत घ्यायचे हे खिशाला लागणार. रिमोटमध्ये टाकतात त्या स्वस्त कार्बन-झिंक बॅटऱ्या या कामाला घेऊ नका.

पावसाळ्यात सॉकेटच्या पिना काळवंडल्या आणि उजव्या बाजूला खरखर सुरू झाली. व्हॉल्व्ह काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, चार-पाच वेळा आत-बाहेर केला की जाते. चालू करताना क्रम पाळायचा, आधी बफर, मिनिटभर थांबून मग ॲम्प. कॅथोड शून्यावरून ४० व्होल्टवर चढताना आउटपुटचा कपॅसिटर भरतो, तो धक्का वूफरला बसू नये म्हणून. बंद करताना उलट क्रम.

वीज गेली की गंमत होते. सगळं घर अंधारात, ॲम्प मेलेला, आणि हा डबा एकटा तांबूस उजेड देत इमानेइतबारे कुठेच न जाणारा सिग्नल पाठवत बसतो.

कोणी बांधावा? डॅक आणि ॲम्प एकाच रॅकमध्ये, मधे अर्ध्या मीटरची केबल असेल तर मुळीच नको, काहीही फरक पडणार नाही. लांब केबल, मोठा पॉट किंवा आउटपुट कमजोर असलेला जुना ट्यूनर असेल तर जरूर बांधा. ॲम्पचा इनपुट ४७ किलोओहम असल्यास आउटपुटला २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर पुरतो. आजकालच्या काही क्लास-डी (स्विचिंगवर चालणाऱ्या) ॲम्पचा इनपुट १० किलोओहमचाच असतो, तिथे ४.७ घ्या, १०० व्होल्टचा किंवा त्याहून वरचा.