दंडावर बांधायचं बीपी मशीन: मिरगापासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

ज्यांच्या घरात बीपीचं माणूस आहे आणि दवाखान्यात जायचं तर एसटी किंवा रिक्षाची वाट बघावी लागते, त्यांनी हे मशीन घ्यावंच, असं माझं आता स्पष्ट मत झालंय. आम्ही ते मिरगाच्या तोंडावर घेतलं, आता शिमगा आला. मालवण तालुक्यातलं घर, घरात सासू-सासरे, दोघंही सत्तरीच्या पुढचे. मशीन दोन-अडीच हजारांच्या आतबाहेर मिळतं. कंपनीचं नाव देत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते दंडावर पट्टा बांधायच्या कुठल्याही चांगल्या मशीनला लागू आहे. मनगटावरची छोटी मशीन मात्र घेऊ नका. मनगट जरा वरखाली झालं की आकडा बदलतो.

घ्यायचं कारण सासूबाई. आईंना बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. पण दवाखान्यात मोजलं की वरचा आकडा दरवेळी १६५, १७०. डॉक्टर गोळी वाढवणार होते, पण त्याआधी म्हणाले, "आठवडाभर घरी मोजून, वहीत लिहून आणा, मग ठरवू." काही माणसांचं बीपी डॉक्टरांसमोर बसलं की चढतं आणि घरी आलं की उतरतं. त्याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात. अशा माणसाची गोळी केवळ दवाखान्यातल्या आकड्यावर वाढवली, तर घरी बीपी गरजेपेक्षा खाली येतं, उठताना चक्कर येते. म्हाताऱ्या माणसाला न्हाणीघरात चक्कर येणं म्हणजे खुब्याचं हाड मोडणं.

मशीनच्या खोक्यात येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. आईंचा दंड शिंप्याच्या टेपने मोजला तर ३४ भरला. पट्टा लहान पडला की मशीन बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं, हे दुकानदार सांगत नाही आणि खोक्यावरही बारीक अक्षरात कोपऱ्यात असतं. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला. तो आमच्याकडे मिळाला नाही, ऑनलाइन आला आणि तोही पावसात रखडत. म्हणून आधी दंड मोजा, मग मशीन निवडा. २२ ते ४२ असा एकच पट्टा देणारी मॉडेलंही येतात. ती थोडी महाग असली तरी घरात दोन अंगलटींची माणसं असतील तर तीच बरी.

मोजण्याच्या पद्धतीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण सगळं तिथेच आहे. आमच्याकडे माणसं झोपाळ्यावर मांडी घालून बसतात आणि दंड पुढे करतात. ते चालत नाही. पाठ टेकलेली हवी, दोन्ही पाय जमिनीला लागलेले हवेत, पायावर पाय नको, हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीत येईल. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबत राहिला तरी आकडा सात-आठने वर जातो. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, ब्लाउजच्या बाहीवरून नाही. बाही वर सरकवून ती दंडाला काचत असेल तर तीही काढायची. पाच मिनिटं गप्प बसायचं. लघवी लागलेली असेल तर आधी जाऊन यायचं. मोजताना बोलायचं नाही, ही अट आईंना सगळ्यात जड गेली. पट्टा फुगायला लागला की त्यांना नेमकी दूधवाल्याच्या हिशोबाची आठवण होते. आता मी मोजताना माजघराचं दार लावून घेते.

आणि मशेरी. आमच्या बाजूच्या बऱ्याच बायका सकाळी उठल्या उठल्या मशेरी लावतात, मग चहा घेतात. तंबाखू आणि चहा दोन्हींनी बीपी थोडा वेळ चढतं. त्यामुळे मोजायच्या आधी अर्धा तास दोन्ही नाही. गोळी घ्यायच्या आणि न्याहारीच्या आधी सकाळी दोन वेळा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि तसंच संध्याकाळी दोनदा. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या सरासरीची मर्यादा १३५/८५ आहे, दवाखान्यातली १४०/९०. हा फरक बहुतेकांना माहीत नसतो.

आईंची सरासरी १३१/७८ निघाली. डॉक्टरांनी वही दोनदा उलटून बघितली आणि गोळी आहे तेवढीच ठेवली.

खरा धक्का आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा बसला. आबा एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, कधी डोकं दुखलं म्हणाले नाहीत. "माका काय झाला नाय" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मशीन नवं म्हणून हौसेने हात पुढे केला आणि १५४ आलं. वाटलं, हौसेचं असेल. आठवडाभर नीट मोजलं तर सरासरी १५२/८८. दवाखान्यात मात्र १३६. म्हणजे आईंच्या नेमकं उलटं. याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात आणि ते जास्त धोक्याचं, कारण दवाखान्यात ते सापडतच नाही. उच्च रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. तो वर्षानुवर्षं मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतो. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं. म्हणजे तिघांत एकाहून जास्त.

आबा गोळी घ्यायला तयार नव्हते. एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते, हा त्यांचा मुद्दा. मी त्यांना महाडची गोष्ट सांगितली. मुंबईच्या फेऱ्यांमुळे महाड स्टँड त्यांच्या पायाखालचा आणि डॉ. हिंमतराव बावसकरांचं नाव त्यांनी तेव्हापासून ऐकलेलं. कोकणातला लाल विंचू चावला की माणसं, विशेषतः पोरं, पटापट दगावायची. विषाने शरीरात अॅड्रेनलीनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, बीपी भडकतं, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. बावसकरांनी प्राझोसिन नावाची साधी गोळी वापरून हे मृत्यू जवळपास थांबवले. त्यांचे निष्कर्ष लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं आबांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की प्राझोसिन ही मुळात बीपीचीच गोळी. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत रिक्षात बसले.

अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू झाली. बीपी उतरलं, पण महिन्याभरात पायांचे घोटे सुजायला लागले, संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ उठायचा. हा त्या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. पुष्कळ लोक इथे स्वतःच गोळी बंद करतात. आम्ही वही घेऊन गेलो, डॉक्टरांनी त्याऐवजी टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी दिली आणि थोड्या दिवसांनी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगितलं. सूज उतरली, सरासरी १२८ वर आली.

मग गणपतीच्या दिवसांत आकडे पुन्हा वर. १४८, १५०. मी वहीत शेजारी रोजची नोंद ठेवते, म्हणून कारण सापडलं. गुडघे दुखतात म्हणून आबा मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून घेत होते. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनसारख्या औषधासोबत मूत्रपिंडाला त्रासही देऊ शकतात. त्या थांबवल्या, डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि शेक सांगितला, आकडे परत खाली आले. हे दवाखान्यात महिन्यातून एकदा मोजून कधीच कळलं नसतं.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आमच्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद, मग खारवलेला बांगडा, सोबत लोणचं, भाजलेला पापड, मिठातल्या कैऱ्या, वर आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची सोलकढी. आगळात मीठ आधीच भरपूर असतं, तरी सोलकढी करताना वरून चिमूट पडतेच. हे सगळं बंद करून कोकणातलं माणूस जगणार कसं, आणि मी बंद केलंही नाही. खारा बांगडा गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून देते, तिखल्यात वेगळं मीठ घालत नाही, कढीतही नाही. पानात मिठाची चिमूट वाढायची सवय तेवढी मोडली. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

आता मशीनच्या तक्रारी. खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल त्याला सोसत नाही. श्रावणापर्यंत सेलच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमली आणि मशीन मध्येच बंद पडू लागलं. आठवडाभर वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा, मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पट्ट्याच्या कापडावर काळे ठिपके आले, ते ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवले. अॅडॉप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि वादळवाऱ्यात दोन-दोन दिवस वीज नसते म्हणून सेल लागतातच. सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला, फोन उचलत नाहीत. सेल उतरले की पट्टा अर्धवट फुगून चूक दाखवतो, तेव्हा घाबरू नका, आधी सेल बदला.

एक खूण कामाची निघाली. ठोके अनियमित असले तर स्क्रीनवर हृदयाचं चिन्ह लुकलुकतं. हात हलला तरी ते येतं, त्यामुळे एकदा आलं म्हणून धास्ती नको. पण शेजारच्या काकींना ते दर वेळी यायला लागलं. ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके ताल सोडून पडण्याचा विकार. त्यात हृदयात रक्ताच्या गुठळ्या होऊन पक्षाघाताचा धोका पाचेक पटीने वाढतो. काकींना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू झाली. अशा माणसाचं बीपीही हे मशीन तितकं बिनचूक मोजत नाही, कारण ते पट्ट्यातल्या हवेच्या कंपनांवरून हिशोब करतं आणि ठोके ताल सोडून पडले की हिशोब ढळतो. त्यांचं तीनदा मोजून सरासरी घेतो.

मशीन आल्यावर वाडीतून माणसं येऊ लागली. "मशीन खय आसा?" म्हणत अंगणातूनच हाक. मला ते आवडतं, पण दोन-तीन जणांना दिवसभर मोजत बसायची सवय लागली, प्रत्येक आकड्याने जीव खालीवर. बीपी दिवसभरात बदलतच असतं. औषध बसलं की महिन्यातून काही दिवस मोजणं पुरतं.

आणि १८०/१२० च्या वर आकडा आला तर? शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच असेल आणि त्रास काही नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जिभेखाली कॅप्सूल फोडायची जुनी पद्धत करू नका. बीपी एकदम कोसळून मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून डॉक्टरांनी ती सोडून दिली आहे. मात्र तोंड वाकडं, हातपाय लुळा, बोबडी वळणं किंवा छातीत दुखणं असेल, तर आकडा बघतही बसू नका, १०८ लावा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. आमच्या बाजूने गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंतच त्यातला बराच वेळ जातो. आपल्याकडे बीपी आधीच धरून ठेवणं शहरापेक्षा जास्त गरजेचं आहे ते यासाठी.

मशीन परवडत नसेल तरी अडू नये. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात आपला सिंधुदुर्ग जिल्हा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजून मिळतं, अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्याही फुकट मिळतात. मशीन घेतलंत तर वर्षातून एकदा ते दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांच्या मापाशी ताडून बघा. आमचं पावसाआधी नेणार आहे. मोठ्या पट्ट्याचं वेल्क्रो आता सैल पडायला लागलंय, कुडाळ-सावंतवाडीकडे तो सुटा मिळत असेल तर दुकान कळवा.