जबड्याच्या हाडाला कर्करोगाची बाधा: ओपीजी, सीटी की एमआरआय?

गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या ज्या खाचेत तंबाखूची गोळी वर्षानुवर्षे धरली जाते, तिथेच आपल्याकडचे तोंडाचे कर्करोग मोठ्या संख्येने होतात, आणि तिथून जबड्याचे हाड अगदी हाताशी असते. हाड शाबूत असेल किंवा बाधा वरवरची असेल, तर जबड्याची खालची कड राखून शस्त्रक्रिया करता येते; बाधा हाडाच्या आतल्या मगजात (अस्थिमज्जेत) शिरली असेल, तर जबड्याचा तेवढा तुकडा आरपार काढून बहुधा पोटरीतल्या बारीक हाडाने तो पुन्हा घडवावा लागतो. तपासणी निवडायची ती हा फरक ओळखण्यासाठी.

ओपीजी, म्हणजे पूर्ण जबडा एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे, स्वस्त आहे, लगेच होतो आणि दातांची स्थिती उत्तम दाखवतो. मात्र हाडातले ३० ते ५० टक्के खनिज झिजल्याशिवाय त्यात बदल उमटत नाही, शिवाय हनुवटीच्या भागावर मणक्याची सावली पडते. त्यामुळे केवळ स्वच्छ ओपीजी पाहून निर्धास्त होणे मला धोक्याचे वाटते.

बहुतेक रुग्णांसाठी सुरुवात सीटी स्कॅनने व्हावी. हाडाच्या बाहेरच्या कठीण थराची झीज पातळ छेदांत स्पष्ट दिसते आणि मानेतल्या गाठीही त्याच वेळी तपासल्या जातात. रुग्णाला गाल फुगवायला सांगितले, की मध्ये हवा शिरून गाल आणि हिरडी वेगळे दिसतात व गाठ नेमकी कुठून सुरू झाली हे कळते. परंतु गुटख्याने तोंडाची त्वचा ताठरलेल्या रुग्णाला नेमके हेच जमत नाही. दातांत धातूचे फिलिंग असेल, तर त्यामुळे चित्रात उमटणाऱ्या पट्ट्यांनी मोक्याचा भाग झाकला जातो.

एमआरआयची खरी ताकद मगजात आहे. मगजातली चरबी टी-१ या प्रकारच्या एमआरआय चित्रांत पांढरी दिसते आणि गाठीने तिची जागा घेतली की तो भाग काळवंडतो. जबड्यातली नस आणि चावण्याचे स्नायू यांमधला शिरकावही सीटीपेक्षा इथे चांगला कळतो. तथापि, किडलेल्या दाढेची सूज किंवा नुकताच काढलेला दात हुबेहूब असाच काळा डाग उमटवतो. म्हणून एमआरआयने हाड निर्दोष ठरवले तर त्यावर बराच भरवसा ठेवता येतो. दोषी ठरवले तर मात्र सीटीशी ताडून पाहावे. पेसमेकर असल्यास आधी कळवावे.

कोन बीम सीटी, म्हणजे दात-जबड्यासाठी वापरला जाणारा शंकूच्या आकाराच्या किरणांचा सीटी, कमी किरणांत हाडाचे बारकावे दाखवते, पण गाठ स्वतः किती पसरली ते सांगत नाही. पेट-सीटी (किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेला पूर्ण शरीराचा स्कॅन) आजार शरीरात इतरत्र गेला का, यासाठी. हाडाच्या प्रश्नावर एकटीने पुरेशी नाही.

शक्य असल्यास स्कॅन बायॉप्सीपूर्वी करावा, आणि गाठीलगतचा हलणारा दात, कितीही त्रास देत असला तरी, सर्जनला विचारल्याशिवाय काढू नये. सर्जनकडे जाताना फिल्मबरोबर स्कॅनची सीडीही न्यावी, म्हणजे जबड्याच्या वळणानुसार छेद पुन्हा पाहता येतात.