डोक्याच्या दुखापतीनंतर: रिहॅब सेंटर की घर?

डिस्चार्जची भाषा सुरू झाली की हा प्रश्न उभा राहतोच. बाबांच्या बाबतीत आम्ही दोन्ही पाहिलं, आधी सेंटर आणि मग घर. माझं मत या एकाच पेशंटवरून बनलंय, आणि मेंदूच्या दोन दुखापती सारख्या नसतात, एवढं धरून वाचा.

काही वेळा निवडीला वावच नसतो. गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी बसवलेली ट्रेकिओस्टॉमीची नळी आहे, घास श्वासनलिकेत जातोय, फिट आटोक्यात नाहीत, उठवायला दोन माणसं लागतात, तर सेंटरच. मेंदूच्या दुखापतीनंतरची सुधारणा पायऱ्यांनी मोजणाऱ्या रँचो लॉस अमिगोस स्केलवरची चौथी पायरीही तिथेच निघालेली बरी. त्या टप्प्यात माणूस गोंधळलेला आणि चिडलेला असतो, नळ्या उपसतो, हात उगारतो आणि नंतर त्यातलं काही त्याला आठवत नाही. सेंटरच्या लोकांनी तो काळ शांतपणे निभावला. आम्हाला जमलं नसतं. बाबा पहिल्यांदा उभे राहिले तेही तिथेच.

मला खुपलं ते वेगळंच. दर पाळीला माणूस बदलायचा आणि माणसागणिक पद्धत. व्हीलचेअरवरून उठताना सकाळची ताई आधी ब्रेक लावायला लावायची, मग पुढे सरकून उभं राहायला सांगायची. संध्याकाळचा भाऊ काखेत हात घालून थेट उचलायचा. रात्रीचे अटेंडंट लाडानं विचारायचे, ‘सांगा बघू काका, आता काय करायचं?’ बाबा अंदाजानं काहीतरी करायचे.

स्मरणशक्तीला मोठा धक्का बसलेल्या माणसाला असं अंदाजानं शिकवणं महागात पडतं. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये दाखवलं होतं की अशा लोकांना चुका होऊ न देता शिकवलं तर ते जास्त शिकतात. आपण चुकलो हे त्यांच्या लक्षात राहत नाही, पण केलेली चूक मात्र मुरते. बाबांच्या अंगात तेच मुरलं: ब्रेक न लावता उठायचं. मी पायऱ्या लिहून पलंगाशी कागद चिकटवला. नवी पाळी आली की तो नुसता भिंतीवर.

घरी आई आणि मी, दोघंच. तेच शब्द, तोच क्रम, आणि ज्या बाथरूममध्ये जायचंय त्याच बाथरूममध्ये सराव. सेंटरच्या दांड्यांना धरून शिकलेलं घरी आपोआप येत नाही, असा आमचा तरी अनुभव. शिवाय बाबा दमले की थांबता यायचं. हा थकवा आळस नसतो, पण वेळापत्रकाला ते कोण समजावणार?

घर सोपं नाही. थेरपिस्ट तासभर येऊन जातो, बाकीचा दिवस आपला. आईची कंबर धरली. भेटायला येणारे ‘ओळखलंत का मला?’ म्हणून परीक्षा घेतात. (त्यांना दारातच स्वतःचं नाव सांगायला लावा.)

तरी तब्येत स्थिर असेल, आळीपाळीनं करायला दोघं असतील आणि थेरपिस्ट नियमित येऊन पद्धत तपासणार असेल, तर माझा कल लवकर घरी आणण्याकडे आहे. सेंटरमधून निघण्याआधी तिथल्या लोकांसमोर सगळं स्वतः करून दाखवा आणि चुका काढून घ्या.

अजून सेंटर ठरवतच असाल तर एक विचारून ठेवा: रोज तीच माणसं मिळतील का? मिळणार असतील तर माझा मुख्य आक्षेप गळून पडतो. आम्हाला उत्तर मिळालं होतं, ‘बघू.’