पत्रे रंगवायचे की उतरवायचे?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरावर सिमेंटचे पन्हाळी पत्रे आहेत, अर्थात ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे सिमेंटमध्ये बारीक खनिज तंतू मिसळलेले. पत्रा धड असेल तर रंग मारून राहू द्यावा; तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात, उगाच कशाला छेडायचं? पण आमच्या मोरीवरच्या पत्र्याची कड भुसभुशीत झालीय, खाली पांढरट भुकटी पडते. तिथे रंग म्हणजे नुसती मलमपट्टी. उतरवायचे तर ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खेच, म्हणजे तंतू हवेत उडत नाहीत. मिस्त्री आला तो घण घेऊनच! चहा पाजून परत पाठवला. छातीत गेलेल्या तंतूंमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कॅन्सर बहुधा 20 ते 40 वर्षांनी डोकं काढतो. म्हणून तर कुणी घाबरत नाही. तूर्त मोरीवरचे दोन उतरवतोय, बाकीचे रंगवतोय.